जिग (मासेमारीचे साधन)

जिग हे गळाने मासे पकडण्यासाठी वापरले जाणारे वजनदार कृत्रिम आमिष होय. गळाच्या दांड्याभोवती वितळलेले शिसे ओतून त्याचे डोके घडवतात आणि त्यावर रंग चढवतात. डोक्यामागे पिसे, केस, रंगीत दोरे किंवा रबराची मऊ शेपटी बांधली की जिग तयार होतो. तो पाण्यात टाकून तळाशी जाऊ दिला जातो व नंतर दोरीला लहान लहान झटके देऊन वर-खाली नाचवला जातो. या हालचालीमुळे जखमी माशाचा किंवा तळाशी सरपटणाऱ्या किड्याचा भास होतो आणि शिकारी मासा त्यावर झडप घालतो.

शिसे कमी उष्णतेत वितळत असल्याने जिग घरच्या घरी बनवणे सोपे आहे. या सोपेपणामुळेच जगभर हौशी मच्छीमारांमध्ये ही कारागिरी रुजली. मात्र शिसे हा विषारी धातू आहे. घरात ते वितळवल्याने, विशेषतः लहान मुलांच्या आरोग्याला, गंभीर धोका संभवतो. त्यामुळे जिगची घडण समजून घेताना त्यातील धातूचा स्वभाव समजून घेणे आवश्यक ठरते.

== नाव ==

'जिग' हा मूळ इंग्रजी शब्द मराठीत तसाच रूढ आहे. त्या भाषेत त्याचा एक अर्थ 'उड्या मारीत केलेला नाच' असा असून आमिषाच्या हालचालीशी तो जुळतो. यंत्रशाळेत सुटा भाग योग्य जागी धरून ठेवणाऱ्या साधनालाही 'जिग' म्हणतात. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

== रचना ==

जिगचे पुढील भाग असतात :

* गळ : पोलादी आकडा. याचा दांडा कडीजवळ साधारणपणे ६० किंवा ९० अंशांत वाकवलेला असतो.
* डोके : दांड्याच्या वाकलेल्या भागावर ओतलेले शिसे. गोल, चपटे, बाणाच्या टोकासारखे, माशाच्या तोंडासारखे असे त्याचे अनेक आकार असतात.
* कडी : दोरी बांधण्याचे छिद्र. ही डोक्याच्या वरच्या बाजूस येते.
* काटा : डोक्यामागील शिशाचा छोटा उंचवटा. रबराची शेपटी त्यात अडकून राहते.
* शेपटी : पिसे, केस, दोरे किंवा रबर.

कडी वर आणि वजन खाली असल्याने पाण्यात गळाचे टोक वरच्या दिशेला राहते. त्यामुळे तळाच्या दगडांत जिग अडकण्याचे प्रमाण साध्या गळापेक्षा कमी असते. समुद्रात वापरले जाणारे काही जिग लांबट माशाच्या आकाराचे असून त्यांच्या आतून तार गेलेली असते.

== शिशाचाच वापर का होतो? ==

शिशाचा अणुक्रमांक ८२ आहे. त्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ११.३ ग्रॅम, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट आहे. ते ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंड वितळण्यास १५०० अंशांहून अधिक तापमान लागते, तर शिसे घरगुती शेगडीवरही पातळ होते. शिवाय ते इतके मऊ असते की सुरीने कापता येते. त्याच्या ताज्या कापावर चांदीसारखी चकाकी दिसते. हवेशी संपर्क येताच ती काळवंडते.

वजनदार आमिष लांब फेकता येते आणि वाहत्या पाण्यातही तळापर्यंत पोचते. ते आकाराने लहान असेल तर माशाला संशय येत नाही. १० ग्रॅम वजनाच्या डोक्यासाठी वेगवेगळ्या धातूंना लागणारी जागा अंदाजे अशी आहे :

* टंगस्टन : ०.५२ घनसेंटिमीटर
* शिसे : ०.८८ घनसेंटिमीटर
* बिस्मथ : १.०२ घनसेंटिमीटर
* लोखंड : १.२७ घनसेंटिमीटर
* कथील : १.३७ घनसेंटिमीटर

टंगस्टन शिशाहून जड आहे. पण ते ३४०० अंशांहून अधिक तापमानाला वितळत असल्यामुळे घरी ओतता येत नाही. कमी जागेत भरपूर वजन आणि कमी उष्णतेत ओतकाम, हे दोन्ही गुण स्वस्तात देणारा धातू म्हणून शिशाला पसंती मिळाली.

== महाराष्ट्रातील पार्श्वभूमी ==

जिग हे साधन महाराष्ट्रात अलीकडचे असले, तरी शिसे ओतण्याची कला येथे जुनी आहे. सातवाहन राजांनी शिशाची नाणी पाडली होती. मराठेशाहीत बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या असत. असे गोल दाणे पाडण्याचा दोन पाळ्यांचा साचा आणि आजच्या जिगचा साचा यांचे तत्त्व एकच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाचे चिरे शिसे ओतून पक्के केले, असे परंपरेने सांगितले जाते.

शिशाला आयुर्वेदाच्या रसशास्त्रात 'नाग' आणि कथलाला 'वंग' म्हणतात. हे दोन धातू दिसायला सारखे वाटले, तरी त्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती कथलाची, शिशाची नव्हे. शिसपेन्सिलीच्या नावात शिसे असले, तरी तिच्यात शिसे नसते. ती ग्रॅफाइटची असते.

मासेमारीत शिशाचा सर्वांत परिचित उपयोग जाळ्यांसाठी होतो. पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, पाण्यावर पसरून पडते आणि त्याच्या घेरावर ओवलेल्या शिशाच्या मण्यांमुळे झपाट्याने तळाला बसते. त्या वजनामुळे जाळ्याची कड जमिनीला टेकते व मासे आत अडकतात. उभ्या जाळ्यांच्याही वरच्या कडेला तरंगणारी बोंडे आणि खालच्या कडेला वजने असतात. शिसे सुलभ होण्यापूर्वी या कामासाठी दगड व भाजलेल्या मातीचे मणी वापरीत. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर जाळ्यांची मातीची वजने आणि तांब्याचे गळ सापडले आहेत.

== भोर व वेल्हे परिसर ==

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव देण्यात आले आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवण्यासाठी येथील नद्यांवर एकामागून एक धरणे बांधली गेली. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघर आणि नीरा नदीवर नीरा-देवघर ही धरणे आहेत. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि कानंदी नदीवर गुंजवणी ही धरणे आहेत. पानशेत व वरसगाव येथील पाणी खडकवासल्याच्या मार्गाने पुणे शहराच्या पिण्यासाठीही जाते.

या जलाशयांमध्ये मरळ, वाम, शिंगाळा यांसारखे स्थानिक मासे तसेच बीज सोडून वाढवलेले कटला, रोहू, मृगळ आणि परदेशातून आलेला चिलापी आढळतो. मरळ व शिंगाळा हे शिकारी मासे हलत्या आमिषावर धावून येतात. कटला, मृगळ यांसारखे मासे सहसा येत नाहीत. त्यामुळे जिगचा उपयोग प्रामुख्याने शिकारी माशांसाठी होतो. पुणे परिसराशी विशेष नाते सांगणारा मासा म्हणजे खडस किंवा दख्खनी महाशीर. कर्नल विल्यम सायक्स यांनी इ.स. १८३९ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यासाठीचा नमुना मुळा-मुठा नदीतला होता आणि त्याच्या शास्त्रीय नावातील 'खुद्री' हा शब्द स्थानिक नावावरून घेतलेला आहे.

येथे दोन प्रकारची मासेमारी शेजारी शेजारी चालते. एक, भोई व कातकरी समाजांतील कुटुंबांची उपजीविका म्हणून होणारी जाळ्यांची व गळाची मासेमारी. दुसरी, शहरातून सुटीच्या दिवशी येणाऱ्या हौशी मच्छीमारांची. पहिलीत शिसे जाळ्याच्या मण्यांच्या रूपाने येते, दुसरीत जिगच्या रूपाने. दोन्हींचे ओतकाम घरगुती असू शकते आणि दोन्हींतील धोका सारखाच असतो. राज्यातील जलाशयांचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे हौशी मच्छीमारानेही परवानगी घेणे अपेक्षित असते.

== घडण ==

=== साचा ===

साचा दोन पाळ्यांचा असतो. बाजारात मिळणारे साचे ॲल्युमिनियमचे व बिजागरीचे असतात. घरगुती साचे शंखजिऱ्याच्या दगडात कोरून किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये नमुना दाबून तयार करतात. लाकडी साचा काही ओतकामांनंतर करपतो. प्रत्येक साच्यात धातू ओतण्यासाठी वरून नाळ आणि गळ बसवण्यासाठी खाच ठेवलेली असते. आतील पृष्ठभागावर दिव्याची काजळी धरली तर शिसे कानाकोपऱ्यांत नीट पसरते.

साचा पूर्णपणे कोरडा असणे ही या कामातील पहिली अट होय. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १६०० ते १७०० पटींनी वाढते. साच्यात किंवा मुशीत पाण्याचा एखादा थेंब राहिला आणि त्यावर तप्त शिसे पडले, तर क्षणार्धात वाफ होऊन वितळलेला धातू स्फोटासारखा उसळतो आणि डोळे व चेहरा भाजतो. घाटमाथ्यालगतच्या गावांत पावसाळ्यात हवाच दमट असते. अशा दिवसांत प्लास्टरचा साचा वरून कोरडा दिसला, तरी आतून ओला असू शकतो. म्हणून हे काम कोरड्या ऋतूत, साचा आधी तापवून करतात.

=== वितळवणे व ओतणे ===

शिसे जाड लोखंडी मुशीत किंवा पळीत वितळवतात. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे टाळतात. एकदा शिशासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. तापमान साधारणपणे ३५० ते ४०० अंशांदरम्यान ठेवतात. वितळलेल्या धातूवर राखाडी-पिवळसर साय येते. ती शिशाच्या ऑक्साइडची असते. थोडे मेण टाकून ढवळल्यावर त्यातील काही भाग पुन्हा धातूत मिसळतो आणि उरलेला मळ पळीने काढून घेतात. हा मळ भुकटीच्या रूपात असल्याने सहज उडतो. तो झाकणाच्या डब्यात जमा करतात.

गळ खाचेत बसवून साचा मिटतात आणि एका सलग धारेने शिसे ओततात. धार तुटली की डोक्यावर शिवण पडते. धातू किंवा साचा थंड असेल तर पृष्ठभागावर सुरकुत्या येतात आणि टोके अपुरी राहतात. धातू फार तापला असेल तर पृष्ठभाग खरखरीत व निस्तेज दिसतो. काही सेकंदांत शिसे घट्ट होते. मग साचा उघडून जिग चिमट्याने बाहेर काढतात.

=== साफसफाई ===

नाळेत उरलेला तुकडा पक्कडीने कापतात आणि कडा सुरीने खरवडतात. कानशीने घासल्यास कीस व बारीक धूळ तयार होते. म्हणून कानस शक्य तितकी कमी वापरतात. पडलेले तुकडे ओल्या कागदाने किंवा ओल्या फडक्याने टिपतात. कोरड्या झाडूने ती जागा झाडल्यास धूळ घरभर पसरते.

=== धातूचा स्रोत ===

मोटारीच्या जुन्या बॅटरीतून शिसे काढणे अत्यंत धोकादायक आहे. बॅटरीत गंधकाम्ल असते आणि तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा चुरा असतो. तो श्वासावाटे व हातांवाटे सहज शरीरात जातो. वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत यंत्रणेमार्फतच करावयाची असते. चाकांच्या तोल-वजनांमध्ये जस्ताचीही वजने असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळते. त्याचा अंश मिसळला की शिसे नीट वाहत नाही.

== रंगकाम ==

रंगामुळे जिग आकर्षक दिसतो, शिसे काळवंडत नाही आणि हाताळताना धातूचा थेट स्पर्श काही अंशी टळतो. रंग देण्यापूर्वी डोके स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढतात. शिशाचा राखी रंग वरच्या छटा मंद करतो, म्हणून पहिला हात पांढऱ्याचा देतात.

रंगकामाच्या दोन मुख्य पद्धती आहेत :

* भुकटीचा रंग : गळ चिमट्यात धरून डोके तापवतात आणि क्षणभर रंगाच्या कोरड्या भुकटीत बुडवतात. उष्णतेने भुकटी चिकटून वितळते. नंतर जिग टांगून सुमारे १७५ ते १८० अंशांच्या भट्टीत १५ ते २० मिनिटे भाजतात. हे तापमान शिशाच्या वितळबिंदूपेक्षा बरेच कमी असल्याने डोक्याचा आकार बिघडत नाही. हा थर टणक असतो. यासाठी स्वयंपाकघरातील भट्टी वापरू नये.
* हवेत वाळणारा रंग : एनॅमल, ॲक्रिलिक किंवा नेलपॉलिश ब्रशने लावतात. दोन हातांमध्ये पुरेसा वेळ ठेवतात आणि शेवटी पारदर्शक इपॉक्सीचा थर देतात.

डोळा काढण्यासाठी टाचणीचे डोके पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगात बुडवून ठिपका देतात आणि तो वाळल्यावर मध्ये बारीक काळा ठिपका ठेवतात. शिकारी मासे भक्ष्याच्या डोक्याकडे झेपावतात, असा मच्छीमारांचा अनुभव असल्याने डोळ्याला महत्त्व दिले जाते. कडीत साचलेला रंग सुईने मोकळा करतात.

रंगाची निवड पाण्यावर अवलंबून असते. पाण्यात शिरणाऱ्या प्रकाशातील लाल छटा सर्वांत आधी शोषली जाते. त्यामुळे खोलवर लाल जिग काळपट दिसतो. पावसाळ्यात तांबड्या मातीने गढूळ झालेल्या पाण्यात पोपटी, पिवळा किंवा गडद काळा असे ठसठशीत रंग उठून दिसतात. हिवाळ्यात निवळलेल्या पाण्यात रुपेरी व मातकट छटा पसंत केल्या जातात.

लाल रंगासाठी शेंदूर वापरू नये. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो. जुन्या रंगांच्या डब्यांतही शिशाची संयुगे असू शकतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम इ.स. २०१६ मध्ये करण्यात आला असून तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे.

रंगाचा थर हे कायमचे संरक्षण नव्हे. भोर-वेल्ह्याच्या नद्यांचा तळ काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. त्यावर आपटून रंगाचे टवके उडतात आणि शिसे उघडे पडते.

== आरोग्यावरील परिणाम ==

शिशाचा शरीराला कोणताही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. शिसे मुख्यतः धूळ व धूर यांच्याद्वारे श्वासावाटे आणि माखलेल्या हातांनी खाल्ल्यास तोंडावाटे शरीरात जाते. ते हाडांमध्ये साठते आणि तेथे अनेक वर्षे राहते. गरोदरपणात हाडांतील शिसे पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचू शकते.

प्रौढांमध्ये पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, रक्तदाब वाढणे व मूत्रपिंडाचे विकार ही लक्षणे दिसतात. लहान मुलांच्या शरीरात तेवढ्याच शिशातून प्रौढांच्या ४ ते ५ पट अंश शोषला जाऊ शकतो आणि त्यांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिकण्याची क्षमता, लक्ष आणि बुद्ध्यंक यांत होणारी ही घट बहुधा भरून येत नाही. तिची बाह्य लक्षणे लवकर दिसत नसल्याने अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलामागे हे कारण असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या इ.स. २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक पातळीवर होते.

या कामात पुढील दक्षता घेतली जाते :

* शिसे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून वितळवणे; स्वयंपाकघर, ओसरी किंवा झोपण्याची खोली टाळणे.
* लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवणे.
* डोळ्यांवर चश्मा, हातांत जाड हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायांत बंद जोडे आणि धुळीसाठी योग्य दर्जाचा मुखपट्टा वापरणे. साधे फडके शिशाची सूक्ष्म धूळ रोखत नाही.
* काम चालू असताना खाणे, पाणी पिणे, तंबाखू किंवा विडी टाळणे. नंतर हात-तोंड साबणाने धुणे व कपडे वेगळे धुणे.
* जाळ्याचे मणी किंवा दोरीवरील वजने दातांनी न दाबणे.

रक्ततपासणीने शरीरातील शिशाचे प्रमाण कळू शकते. शिसे वितळवले जाणाऱ्या घरातील मुलांबाबत डॉक्टरांना तशी माहिती देणे उपयुक्त ठरते.

== पर्यावरणावरील परिणाम ==

धातुरूप शिसे पाण्यात अतिशय मंद गतीने विरघळते. हरवलेल्या जिगमुळे थेट बाधा होते ती प्रामुख्याने पक्ष्यांना. बदके व हंस अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. त्या खड्यांबरोबर शिशाचे छोटे वजन पोटात गेले, तर तेथील घर्षणाने व आम्लाने ते झिजते आणि पक्षी विषबाधेने मरतो. गळाला लागलेला मासा दोरी तोडून निसटला आणि पक्ष्याने तो खाल्ला, तरी हाच परिणाम होऊ शकतो.

धरणांच्या जलाशयांत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि तळाची जमीन उघडी पडते. भाटघर जलाशयात एरवी पाण्याखाली असणारे कांबरे येथील कांबरेश्वर मंदिर उन्हाळ्याच्या अखेरीस दिसू लागते. धरणांच्या अशा उघड्या जमिनीवर गाळपेर केली जाते, गुरे चरतात आणि मुले खेळतात. पाण्यात हरवलेले जिग व तुटलेल्या जाळ्यांचे मणी त्या दिवसांत पुन्हा माणसांच्या हाती आणि गुरांच्या तोंडी येऊ शकतात.

== कायदेशीर स्थिती ==

हंसांच्या मृत्यूंमुळे ब्रिटनमध्ये इ.स. १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या मासेमारीच्या शिशाच्या वजनांच्या पुरवठ्यावर बंदी आहे. कॅनडाने इ.स. १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजने व जिग यांच्या वापरास मनाई केली. अमेरिकेत काही राज्यांनी लून या पाणपक्ष्याच्या रक्षणासाठी असेच निर्बंध घातले. भारतात सुरुंग व विष यांचा वापर करून मासे मारण्यास भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ नुसार मनाई आहे.

== पर्याय ==

घरगुती ओतकामासाठी शिशाला सर्वांत जवळचा पर्याय कथील होय. ते २३२ अंशांना, म्हणजे शिशापेक्षाही कमी तापमानाला वितळते, त्याच साच्यात ओतता येते आणि विषारी नाही. ते शिशापेक्षा हलके असल्याने त्याच साच्यातून निघालेले डोके सुमारे एक-तृतीयांशाने कमी वजनाचे भरते. तेवढेच वजन हवे असल्यास मोठा साचा घ्यावा लागतो. कथील शिशापेक्षा बरेच महाग असते.

कथील व बिस्मथ यांचे मिश्रण अधिक जड असते. ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथील असलेला मिश्रधातू १३८ अंशांनाच वितळतो. त्याला भुकटीचा रंग देता येत नाही, कारण भट्टीतच डोके वितळेल; त्यासाठी हवेत वाळणारा रंग वापरतात. जाळ्यांसाठी लोखंडी कड्या, साखळी, भाजलेल्या मातीचे मणी आणि भोके पाडलेले दगड हे जुने पर्याय आजही उपयोगी आहेत.

== हेही पाहा ==

* शिसे
* कथील
* कल्हई
* पाग
* दख्खनी महाशीर
* भाटघर धरण
* पानशेत धरण